रंगूनानाची म्हातारी आणि जावयाची बाई

माझ्याकडं लग्नाची गाडी सजवायला आली की मी सगळीकडं फुलं लावतो. टपावर, बॉनेटवर, दारांच्या मुठींना, पार मागच्या डिकीपर्यंत. पण पुढं, रेडिएटरच्या तोंडासमोर, जेवणाच्या ताटाएवढी जागा मोकळी सोडतो. गिऱ्हाईक कुरकुरतं. "बाबा, इथं फुलं संपली का काय?" मी सांगतो, "ती जागा रंगूनानाची हाय. तिथं फूल लागत नाय." पटलं तर ठीक, नाही पटलं तर नाशकात फुलवाले पुष्कळ आहेत. मी कुणाचा हात धरून ठेवलेला नाही.

माझं शिक्षण चौथी. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर ज्याला येतं त्यानं दुरुस्त करावं. गोष्ट मात्र दुरुस्त करू नये, ती बरोबर आहे.

रंगूनाना म्हणजे रंगनाथ. आयुष्यभर गंगापूर रोडच्या एका वकीलसाहेबांचा ड्रायव्हर. वकीलसाहेबांची लँडमास्टर गाडी होती, पन्नास-पंचावन्न सालातली, फिक्कट हिरवी, भिजवलेल्या मुगाच्या रंगाची. साहेब थकले तेव्हा त्यांनी गाडी नानाच्या नावावर केली. मुलांना ती नकोच होती. नानाला मात्र जहागीर मिळाल्यासारखं झालं. तेव्हापासून तो गाडी फक्त लग्नाला द्यायचा आणि स्वतःच चालवायचा. सजवायचं काम माझं. मखमलाबादच्या मळ्यात फूल माझं, फुलबाजारात दुकान माझं, गाडी त्याची. अशी आमची पंचवीस वर्षं गेली.

नाना बुटका. स्टेअरिंगच्या वर फक्त टोपी आणि चष्मा दिसायचा. समोरून बघणाऱ्याला वाटायचं, गाडी टोपीच चालवतीय. खांद्यावर कायम दोन फडकी. पिवळं गाडीचं, पांढरं स्वतःचं. त्यातलं पिवळं जास्त स्वच्छ असायचं. कधी चुकून पिवळ्या फडक्यानं तोंड पुसलं गेलं तर तो गाडीकडं बघून कानाला हात लावायचा. मी डोळ्यांनी पाहिलंय.

गाडीला तो म्हातारी म्हणायचा, पण दुसऱ्या कुणी म्हटलेलं चालायचं नाही. सकाळी स्वतःच्या चहाआधी म्हातारीला पाणी. त्यासाठी वेगळा पितळी तांब्या. रेडिएटरचं झाकण उघडायचं, तांब्या ओतायचा, आणि पाणी काठाला आलं की म्हणायचं, "झालं गं बाई पोट." एकदा मी म्हटलं, "नाना, रोज कशाला? काल तर बघितलंस." तर म्हणाला, "फुलवाले, माणसाला तहान लागली तर तो पाणी मागतो. ही मागत नाही, म्हणून विचारायचं."

ही तांब्याची गोष्ट वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावी. पुढं कामाला येणार आहे.

पहिला स्टार्ट तो हँडल मारूनच करायचा. बटण होतं, चालतही होतं. पण म्हणायचा, "झोपलेल्याला हात लावून उठवावं, लांबून हाका मारू नये." हॉर्नशी तर त्याचं वैरच. पुढं कुणी आडवा आला तर काचेतून डोकं काढून म्हणायचा, "ओ दादा, नवरी आहे हो." रस्ता मोकळा व्हायचा. नवरी नसली तरी तो हेच म्हणायचा.

आणि एक कायदा. नवरी गाडीत बसली की गाडी मागं घ्यायची नाही. एक वीतसुद्धा नाही. "माहेर सोडून निघालेल्या पोरीला मी उलटी नेणार नाही. पुढंच जायचं." हा कायदा त्याला कुणी शिकवला माहीत नाही, पण त्यासाठी तो कलेक्टरशीही भांडला असता.

एकदा पंचवटीत एका बोळात तो नवरानवरी घेऊन शिरला, मी पुढं शेजारी बसलेलो, आणि समोरून विटांचा ट्रॅक्टर आला. बोळ असा, की एका वेळी एक गाय जाईल. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "म्हाताऱ्या, घे ना मागं, दहाच पावलं तर हायेत." नानानं इंजिन बंद केलं आणि हात जोडले. "दादा, नवरी आहे." तो म्हणाला, "माझ्या मागं ट्रॉली हाय. ट्रॉली मागं जाती का?" नाना म्हणाला, "नवरी तरी जाते का?" लोक जमले. नवरदेवाचा मामा तापला, नवरदेव घामाघूम, हाराचे गुलाब काळे पडायला लागले. ती फुलं माझी होती, म्हणून मला राग आला. मी म्हटलं, "नाना, घे की दहा पावलं." त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्याची टोपी तुडवली. शेवटी काय, वऱ्हाडानं कोट काढले, ट्रॉली सोडवली आणि ढकलत मागं नेली. बँडवाल्यांनी वाजवत साथ दिली. ट्रॅक्टरवाला जाताना म्हणाला, "माझ्या पोरीच्या लग्नाला हीच गाडी सांगणार." आणि पुढं त्यानं खरंच सांगितली.

असा सगळा थाट चाललेला असताना नानाच्या जावयानं कॉन्टेसा घेतली.

जावई म्हणजे सुभाषराव. विंचूरकडं कांद्याचा व्यापार, राहायला नाशकात. माणूस दिलदार, आवाज मोठा, अंगठ्या चार. नव्वदच्या पुढचं साल ते. गाडी पांढरी, लांबलचक, पुढं चार दिवे, काळ्या काचा, आत थंडगार. पहिल्या दिवशी ते ती फुलबाजारात हार घालायला घेऊन आले तेव्हा मी बॉनेट मोजलं. माझ्या हातानं पाच हात. मनात आलं, याच्यावर तर निशिगंधाचा मळाच मावेल.

नाना तिथंच होता. आता पंचाईत अशी, की जावयाला वावगा शब्द बोलायचा नाही. आपल्याकडं जावई म्हणजे मानाचा, त्याच्या ताटात मीठ कमी पडलं तरी सासरा दिवसभर तोंड चुकवतो. म्हणून नानानं युक्ती काढली. जावयाला काही न म्हणता तो थेट कॉन्टेसाशी बोलायला लागला.

"या बाई," नाना म्हणाला. हात जोडून, गाडीला. "प्रवास सुखाचा झाला ना? डोळे चार आहेत आपल्याला, छान. आमच्या म्हातारीला दोनच आहेत, पण दोन्हींनी दिसतं."

सुभाषराव हसले. "मामा, आत बसा तरी. एसी लावतो. काच बटणावर खालीवर होते, हात लावायचा नाही."

"हात लावायचा नाही?" नाना बाईंना म्हणाला. "मग बाई, आपल्याला माया कशानं कळायची?"

तेव्हापासून दर रविवारी माझ्या दुकानासमोर ही सभा भरायची. सुभाषराव म्हणायचे, "मामा, हिची पिकअप बघा." नाना म्हणायचा, "बाई, घाई कसली? वरातीत घोडासुद्धा चालतच जातो." सुभाषराव म्हणायचे, "गिअर कसा खाली हाताशी आलाय." नाना म्हणायचा, "बाई, आमच्या म्हातारीचा गिअर स्टेअरिंगलाच आहे. म्हणून पुढं तीन माणसं बसतात. नवरीची आई पुढं बसून रडते, मधल्याच्या पायात गिअर येत नाही." सुभाषराव म्हणायचे, "काळ्या काचा, बाहेरून आतलं दिसत नाही." इथं नाना हळूच म्हणायचा, "बाई, नवरी बघायलाच तर लोक दारात उभे राहतात."

मला कुणी विचारलंच नाही, पण माझंही मत होतं. सजवणाऱ्याच्या हाताला जे कळतं ते चालवणाऱ्याला कळत नाही. लँडमास्टरचं बॉनेट गोल, आईच्या मांडीसारखं. हार ठेवला की बसतो. कॉन्टेसाचं सपाट. हार घसरतो, चिकटपट्टी लावावी लागते. पण लांबून शोभा कॉन्टेसाचीच, हे मी नानासमोर कधी बोललो नाही. जुन्या गाडीला फूल शोभतं आणि नव्या गाडीवर फूल दिसतं, एवढंच सांगतो.

एका रविवारी सुभाषरावांनी इंजिन बंद ठेवून तासभर टेप मोठ्यानं लावला. सगळ्या बाजाराला गाणी. निघायला बसले, तर बॅटरी उतरलेली. गाडी हूं का चूं करीना. चूक त्यांचीच, गाडी बिचारी काय करणार? लोक बघायला लागले. चार अंगठ्यांचा माणूस, घाम फुटला. आता नानाला संधी होती. मी तर शेवंती सोडून बघत उभा राहिलो.

नानानं म्हातारी पुढं आणली, दोर काढला, दोन्ही गाड्यांना बांधला आणि जावयाला म्हणाला, "जावईबापू, आपण आत बसा. आमची म्हातारी बाईंचा हात धरून जरा पाय मोकळे करून येईल." 'ओढतो' हा शब्द त्यानं काढला नाही. रविवार कारंज्याच्या चौकापर्यंत लोकांनी बघितलं, पुढं मुगाच्या रंगाची म्हातारी, मागं पांढरी बाई, आणि नाना प्रत्येकाला काचेतून सांगतोय, "ओ दादा, नवरी आहे हो." सुभाषराव आत काळ्या काचेमागं. त्या दिवशी काळ्या काचांचा उपयोग मलाही पटला.

दहा वर्षं अशी गेली. नानाची नात, सुभाषरावांची सोनाली, लग्नाची झाली. कळवणचं स्थळ मिळालं. आणि खरा प्रश्न उभा राहिला. पाठवणी कुठल्या गाडीतून?

सोनाली चार वर्षांची असताना नानानं तिला म्हातारीच्या पुढच्या सीटवर बसवून शब्द दिला होता. "तुझी पाठवणी हिच्यातून. मी चालवणार." पोर तेव्हापासून सगळ्यांना तेच सांगायची. इकडं सुभाषराव म्हणायचे, "घरात कॉन्टेसा असताना पोरगी पन्नास वर्षांच्या गाडीतून जाणार? कळवण ऐंशी किलोमीटर. रस्त्यात बंद पडली तर?" नाना इतकंच म्हणाला, "बाई, आमची म्हातारी आजवर नवरी घेऊन कधी बंद पडली आहे का?" ते खरं होतं. त्याची आयुष्यभराची तेवढीच कमाई होती.

शेवटी सोनालीनंच तोड काढली. पहिली पत्रिका देवीला द्यायला सगळे सप्तशृंगीच्या गडावर जाणारच होते. नांदुरीपासून वर घाट. ती म्हणाली, "दोन्ही गाड्या न्या. जी न थांबता वर जाईल, तिच्यातून मी जाईन." आणि नानाच्या कानात म्हणाली, "आजोबा, पाणी बघून घ्या." नाना हसला. त्याला पाणी बघ म्हणणं म्हणजे देवळातल्या पुजाऱ्याला घंटा वाजव म्हणणं.

देवीला जाणाऱ्या गाड्या, म्हणून सजवायचं काम माझ्याकडं. सुभाषरावांनी सांगितलं, "माझ्या गाडीला साधा हार बास, वेग कमी होतो." मी म्हटलं, ठीक. मग सगळी ताकद म्हातारीवर लावली. मी नानाच्या बाजूचा होतो ना! चार दिवस आधीपासून कळ्या निवडल्या. दोऱ्याची चादर विणली, गाठीला गाठ, एकेका गाठीत झेंडूचं टपोरं फूल. ती म्हातारीच्या तोंडावर अशी बसवली, की पुढून फक्त दोन दिवे दिसत होते. बाकी सगळं सोनं. तसं काम मी आधी केलं नव्हतं, नंतरही नाही. नानानं पाहिलं आणि म्हणाला, "फुलवाले, गच्च झालंय जरा." मी म्हटलं, "तू गाडी बघ, फूल मला शिकवू नको." तो हँडल काढायला गेला. चहाआधी त्यानं तांब्या ओतला होता, ते मी बघितलं होतं.

मीही म्हातारीत पुढं बसलो. दिंडोरी गेली, वणी गेली, सगळं झकास. नांदुरीला घाट लागला. चौथ्या वळणावर नाना पुढं वाकून वास घ्यायला लागला. मला वाटलं, घाटात कुणीतरी झेंडूची भाजी केली. सहाव्या वळणाला बॉनेटमधून वाफ निघाली आणि म्हातारी थांबली. मागून कॉन्टेसा आली, आवाज न करता शेजारून गेली आणि वरच्या वळणावर उभी राहिली. सुभाषराव आणि सोनाली उतरून खाली धावत आले.

तेवढ्यात नानानं काय केलं? आधी पुढं गेला. चादरीला हात लावला. फुलं शिजून मऊ झाली होती, रस गळत होता. चादरीनं रेडिएटरचं तोंड पार बंद केलेलं, आत वाराच नाही. नानानं एकदा माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मग चादर हळूच सोडवली, घडी घातली, डिकीत ठेवली, आणि पोरगी समोर आल्यावर म्हणाला, "जावईबापू, चुकलं. आज पाणी बघायचं राहिलं माझ्याकडून."

सुभाषराव उडालेच. "मामा? तुमच्याकडून?"

"वय झालं," नाना म्हणाला. गाड्यांच्या वादात पहिल्यांदाच तो थेट जावयाशी बोलला, बाईंना मधे न घेता. "पोरीला बाईंच्यातूनच पाठवा. चांगली गाडी आहे."

सोनालीच्या डोळ्यांत पाणी. ती माझ्याकडं वळली. "फुलवाले बाबा, तुम्ही तरी आठवण करायची होती ना!"

आता मी बोलायला पाहिजे होतं. शब्द आला होता ओठापर्यंत. पण माझ्या फुलानं कुणाचं काम अडलं, असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं. ते मी स्वतःच्या तोंडानं कसं म्हणू? मी म्हणालो, "गाडी जुनी झाली, पोरी. चालायचंच." हे वाक्य मी बोललो. नाना रेडिएटरवर पाणी ओतत होता, त्यानं मान वर केली नाही.

पुढं पंधरा दिवस नाशकात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. "रंगूनाना पाणी विसरला." चहाच्या टपरीवर लोक हसून तांब्या पुढं करायचे. तो घ्यायचा, हसायचा. मला वाटलं, त्याला खरंच कळलं नसेल. वाफेत काय दिसतं? असं मी स्वतःला रोज सांगत होतो.

लग्न दिंडोरी रोडच्या एका कार्यालयात होतं. सकाळी सकाळी मी कॉन्टेसा सजवायला घेतली. सुभाषराव म्हणाले होते, "त्या दिवशी म्हातारीला होती ना, तशी चादर पाहिजे हिला." चादर विणली, तोंडावर बसवली. काम चोख. शेवटची गाठ मारतोय, तर शेजारी टोपी दिसली.

नाना. नवा लेंगा, दोन फडकी. कॉन्टेसाला नमस्कार केला. "बाई, आज आमचं लेकरू तुमच्या ओटीत." मग वाकला, आणि चादरीच्या बरोबर मधोमध बोटं घालून फुलं तोडायला लागला. ताटाएवढं भोक केलं. दोरा सुटू नये म्हणून कडेच्या गाठी स्वतः मारल्या. माझ्या कामाला आजवर दुसऱ्याचा हात लागला नव्हता.

"इथनं वारा येऊ दे फुलवाले," तो हळूच म्हणाला. "घाटाखालून जायचंय तिला."

बस. एवढंच. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तोडलेली फुलं पिवळ्या फडक्यात बांधली आणि गेला. त्याला सगळं माहीत होतं. घाटातच माहीत होतं.

दुपारी पाठवणी. पोरगी रडली, सगळे रडले. नवरानवरी कॉन्टेसात बसले, सुभाषरावांचा ड्रायव्हर पुढं. दार लागलं, आणि ड्रायव्हरनं हॉर्न दिला. कारण समोर, कार्यालयाच्या फाटकात, बरोबर तोंडाशी, म्हातारी उभी. मुगाच्या रंगाची, धुतलेली, अंगावर एक फूल नाही.

सुभाषराव धावले. "मामा, गाडी इथं कुणी लावली?"

"मीच," नाना म्हणाला. "चुकून."

ड्रायव्हर म्हणाला, "मी रिव्हर्स घेतो, मागच्या फाटकानं काढतो."

आणि तेव्हा सुभाषराव, ज्यांनी दहा वर्षं त्या कायद्याची थट्टा केली, ते ड्रायव्हरवर ओरडले, "खबरदार! नवरी बसलीय आत. मागं घ्यायची नाही!"

मग एकच वाट राहिली. नानानं हँडल मारलं. म्हातारी पहिल्या झटक्यात उठली. आत बसताना त्यानं फडकं सोडलं आणि सकाळी तोडलेली झेंडूची फुलं समोरच्या काचेखाली ओळीनं ठेवली. तेवढ्यात मागं कॉन्टेसाची काळी काच बटणानं खाली गेली आणि सोनालीनं तोंड बाहेर काढलं. रडून डोळे सुजलेले, आणि हसतीय.

दोन्ही गाड्या निघाल्या. पुढं म्हातारी, मागं बाई. मी आणि सुभाषराव फाटकात उभे. मला वाटलं, नाक्यावर नाना बाजूला होईल. नाक्यावर झाला नाही. पुढच्या वळणावरही झाला नाही.

"कळवणपर्यंत असंच नेणार हा माणूस," सुभाषराव डोळे पुसत म्हणाले. "वीसच्या स्पीडनं. माझी कॉन्टेसा!"

मी म्हटलं, "वारा लागतोय ना तिला, पोचंल."

ते माझ्याकडं बघत राहिले. मी रस्त्याकडं बघत होतो. लांबवर एक सायकलवाला आडवा आला, म्हातारीच्या काचेतून टोपी बाहेर आली, आणि एवढ्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी नाना काय म्हणाला ते मला शब्दन् शब्द माहीत होतं. आणि त्या दिवशी पहिल्यांदा ते त्याच्या मागच्या गाडीबद्दल खरं होतं.

सायकलवाला बाजूला झाला. टोपी आत गेली. म्हातारी पुढं गेली.

नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. जे घाटात बोलायचं राहिलं ते इथं लिहिलं. तांब्या त्या दिवशी ओतलेला होता. चादर माझी होती.